धारकाची संमती

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

पोचले एकदाची! नागभीडहून सकाळची पहिली बस, मग ब्रह्मपुरी, वडसा, कुरखेडा, आणि तिथून पुढे काळीपिवळीत. सहा जणांच्या जागेत आम्ही अकरा. मांडीवर माझी बॅग आणि बॅगेवर शेजारच्या आजीची कोंबडी. कोंबडी माझ्यापेक्षा निवांत होती. पळस फुलायला लागलाय. स्टँडवर झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरं लागलीत, त्यातल्या एका नायिकेचा चेहरा थेट आमच्या मोठ्या मावशीचा.

गावाचं नाव आणि खात्याचं नाव इथे लिहिणार नाही. दुपारीच तशी सही करून दिलीय. आत मोबाईल न्यायचा नाही, कार्यालयातलं काही घरी बोलायचं नाही, कुठे टाईप करून ठेवायचं नाही. वहीबद्दल त्या कागदात अवाक्षर नव्हतं, म्हणून ही वही. आईला एवढंच सांगितलंय की कॉम्प्युटरचं काम आहे आणि खोलीत एसी आहे. दोन्ही खरं आहे. गावात एसी एकच, आणि तो माणसांसाठी नाही, मशीनसाठी.

माणसं तीनच. सहारे साहेब, सत्तावन्न वर्षांचे, निवृत्तीची वाट बघत दिवसाला दहा चहा पितात. झिंगूभाऊ शिपाई. आणि मी, मोनाली, कंत्राटी सिस्टीम असिस्टंट, मुदत अकरा महिने. मला खिडकीजवळची सागाची खुर्ची मिळाली. ती डोमाभाऊंची होती असं झिंगूभाऊ म्हणाले आणि बसण्याआधी फडक्याने दोनदा पुसून दिली.

५ फेब्रुवारी, बुधवार

काम समजलं. आमच्याकडे खबर देणाऱ्यांची यादी आहे. जंगलात विजेची तार लावून जनावर मारतात, साग तोडून नेतात, त्याची खबर गावातलीच माणसं देतात. त्यांना यादीत नावं नाहीत, नंबर आहेत. क-१ पासून क-४० पर्यंत. नंबर आणि गाव मला दिसतं. खबर काय दिली ते साहेबांना दिसतं. नाव मात्र एकच माणूस उघडू शकतो, त्याला 'धारक' म्हणतात. कुणी काय बघायचं, कुणाचं दार कुठे बंद करायचं, ते लावणं आणि काढणं माझ्याकडे. शाळेत कुणी मॉनिटर केलं नव्हतं, ती हौस आता फिटतेय.

धारक होते डोमा मडावी. मागच्या ऑगस्टात डोक्यात ताप जाऊन वारले. नवा धारक नेमायचा प्रस्ताव वर गेलाय, तो अजून वरच आहे. तोवर डोमाभाऊंचं खातं बंद करून ठेवलंय.

झिंगूभाऊ त्यांच्याच गावचे, त्यांच्याबद्दल बोलायला लागले की थांबत नाहीत. डोमाभाऊंचा फोनवर भरवसा नव्हता. रोज दुपारच्या सुट्टीत एक नाव उघडायचे आणि सायकल काढून त्या माणसाच्या घरी जायचे. कुणी त्रास देत नाही ना, बरा आहे ना, एवढंच बघायचं. गावाला संशय नको म्हणून कधी मध घ्यायला, कधी मासोळी घ्यायला. चाळीस झाले की पुन्हा पहिल्यापासून. शेवटच्या फेरीत क-३५ पर्यंत आले होते. असा माणूस मला बघायला मिळायला हवा होता.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज माझ्या हातून पहिली नोंद झाली. क-४१.

नीलाबाई टोपलीत मासोळी घेऊन विकायला आल्यासारखी आली. तलावावर जाळं टाकणारं घर त्यांचं. मागच्या वर्षी तिचा नवरा पहाटे जाळं घेऊन निघाला आणि तलावाच्या काठाला रानडुकरासाठी लावलेल्या तारेला चिकटला. तार कुणाची ते अख्ख्या गावाला माहीत आहे, पण त्या घराच्या वाटेला कुणी जात नाही. नीलाबाईने नावं सांगितली. तिघं. सांगताना आवाज शांत होता, हात मात्र टोपलीतली तीच तीच मासोळी पालथी करत होते.

मग म्हणाली, "माहं नाव निघालं तं माही पोरगी मरन, बाई. मले काई नाई, पण सोनूले जगू देणार नाईत थे."

मी तिला स्क्रीन दाखवली. नाव एकदा लिहिलं की झाकलं जातं, मलाही पुन्हा दिसत नाही, हे तिच्यासमोर करून दाखवलं. तिचा हात धरून सांगितलं, तुझं नाव कुणीही उघडणार नाही, माझी जबाबदारी. तिने उठताना अर्धा किलो मासोळी तशीच ठेवली. पैसे घेतले नाहीत. मला तेव्हा फार बरं वाटलं, हे कबूल करते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

नीलाबाईची खबर दहा दिवस अडकून पडली. वर पाठवायला धारकाचा शिक्का लागतो आणि धारक तर नाही. साहेबांनी मार्ग काढला, जो अशा कार्यालयांत नेहमीच निघतो. म्हणाले, डोमाचं खातं सुरू कर, शिक्का मार, वरचं वर बघतील. नियमात बसत नाही हे मला माहीत होतं. पण ते तिघं मोकळे फिरतायत आणि नीलाबाई रोज त्यांच्या दारावरून तलावावर जाते, हेही माहीत होतं.

बंद खातं सुरू करायला धारकाच्या नोंदवलेल्या मोबाईलवर विचारणा जाते. मी पाठवली. चार सेकंदांत उत्तर आलं. 'धारकाची संमती मिळाली.' मोबाईल साहेबांच्या ड्रॉवरमध्ये असणार. शिक्का मारला, खबर गेली. झिंगूभाऊंना चहा पाजला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

किरकोळ गोष्ट. कोण कधी आत शिरलं याची यादी संध्याकाळी तपासते. आज दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी डोमाभाऊंच्या खात्यातून क-३६ उघडलं गेलंय. साहेब बघत असतील. नवा पासवर्ड मीच त्यांना दिला होता. तरी विचारायला हवं, नावं अशी सहज उघडायची नसतात.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काल शिवजयंतीची सुट्टी, यादी कोरी. आज एक वीसला क-३७.

साहेब सकाळपासून गडचिरोलीला बैठकीत आहेत. मी आणि झिंगूभाऊ मशीनसमोर बसून डबा खात होतो. त्या वेळी कीबोर्डला कुणी हात लावला नाही, हे मी शपथेवर सांगू शकते. झिंगूभाऊंच्या हातात तर वांग्याची फोड होती.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी पासवर्ड बदलला. कुणाला सांगितला नाही. एक वीसला क-३८.

दुपारी झिंगूभाऊंनी गावाकडची बातमी सांगितली. पत्रू नावाचा माणूस काल गेला. मंगळवारी ताप भरला आणि तिसऱ्या दिवशी खलास. फेब्रुवारीत असला ताप कुणी पाहिला नव्हता. गाव ऐकून मी यादी उघडली. क-३६ चं गाव तेच.

झिंगूभाऊंना यातलं काही माहीत नाही, माहीत असायचं कारणही नाही. ते आपले सांगत होते की पत्रू तापात बडबडत होता. मंगळवारी दुपारी डोमाभाऊ आला होता म्हणे, बाजेवर बसला, बरा आहेस ना म्हणाला आणि सायकल घेऊन गेला. त्याच्या बायकोने बाजेकडे बघितलं तर कुणी नव्हतं.

मी विचारलं, डोमाभाऊंचा मोबाईल साहेबांकडेच आहे ना?

"मोबाईल? थो तं त्याच्यासंगं देल्ला आमी. आमच्यात माणसाची वस्तू माणसासंगंच जाते, बाई. कोयता, तंबाखूची डबी आन् मोबाईल. मीच ठेवला त्याच्या हाताखाली."

मी उरलेला डबा टाकून दिला.

२३ फेब्रुवारी, रविवार

झिंगूभाऊंना घेऊन त्यांच्या गावी गेले. कुणीतरी उकरून मोबाईल काढला असेल, दुसरं काय? ही एकच शक्यता आहे असं वाटेत तीनदा मोठ्याने म्हटलं.

डोमाभाऊंना पुरलं तिथे उभा दगड, भोवती गवत. पावसाळ्यात वाढलेलं आणि आता वाळलेलं, एक काडी मोडलेली नाही. पायथ्याशी वाळवीने छोटं वारूळ केलंय. तिथे सहा महिन्यांत कुदळ लागलेली नाही.

येताना क-३७ च्या गावावरून बस गेली. एका घरासमोर मांडव आणि माणसं. पुढच्या थांब्यावर कळलं, क-३८ च्या गावातही आज एक गेलं.

तीन गावं, तीन माणसं. एकमेकांना ओळखतही नव्हती. त्यांना जोडणारी गोष्ट फक्त यादीत आहे, आणि यादी मी कुणाला दाखवू शकत नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

खातं बंद करायची विचारणा पाठवली. बंद करायलाही धारकाची संमती लागते. उगाच कुणाला कुणी काढू नये म्हणून केलेला नियम. उत्तर चार सेकंदांत. 'धारकाने नाकारले.'

पुन्हा. नाकारले. अकरा वेळा.

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी चहा अर्धा ठेवला. मग म्हणाले, सर्व्हरमध्ये काहीतरी बिघाड असेल, मी वर पत्र टाकतो. मृत्यूचा दाखला सप्टेंबरातच पाठवलाय, त्याची पोचही आलेली नाही. मी रडायला लागले तेव्हा म्हणाले, "पोरी, मी काय करू सांग ना. माह्या हातात काय हाय?" खरंच त्यांच्या हातात काही नाही.

एक पंधराला मशीनची वायर ओढून काढली. एसी बंद. खोलीत आवाज नाही. अर्ध्या तासाने परत जोडली. यादीत एक वीस, क-३९.

उद्या क-४०. परवा महाशिवरात्रीची सुट्टी. गुरुवारी नीलाबाई.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

तिच्या दारात जाता येत नाही. ऑफिसची बाई नीलाबाईकडे कशाला आली, असं त्या तिघांपैकी एकाने जरी विचारलं तरी संपलं. वाचवायला जाऊन मीच नाव फोडायची. म्हणून बाजारात गाठली, मासोळीचा भाव करत.

म्हटलं, चार दिवस माझ्या आईकडे जा, नागभीडला. सोनूलाही ने. ती मासोळी निवडत राहिली. डोमाभाऊंचं सांगितलं तेव्हा घाबरली नाही. तिचा नवरा गेला तेव्हा पंचनाम्याला तिच्यासोबत दिवसभर उभा राहिलेला तो एकटाच माणूस. म्हणाली, "थो आला तं बसवीन, पाणी देईन. मेलेल्याले काऊन भेवू? मी जित्या माणसाईले भेवून राह्यली." मग हळूच, तराजू वर धरून, "माहं नाव तं नाई ना निघालं, बाई?"

नाही म्हटलं. ती जाणार नाही. तलाव सोडून कधी राहिली नाही.

क-४० उघडलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

सगळे मार्कंडाच्या यात्रेला. झिंगूभाऊंनी कुलूप काढून दिलं आणि बाहेर ओट्यावर बसले.

एक मार्ग राहिला होता. बंद करता येत नाही, काढता येत नाही, पण धारक आपला ताबा दुसऱ्याला देऊ शकतो. देणारा आणि घेणारा दोघांची संमती हवी. ताबा माझ्याकडे आला तर त्यांच्याकडे काही उरत नाही. मी तर कुठलंच नाव उघडणार नाही. क-४१ झाकलेलंच राहील.

विचारणा पाठवली. नाकारतील असं वाटत होतं. हात जोडून बसले होते, महादेवाचं नाव घेत.

'धारकाची संमती मिळाली.'

मग तीच विचारणा माझ्या मोबाईलवर, बाहेर ओट्यावर. मी हो म्हटलं. धारकाच्या रकान्यातून त्यांचं नाव आपोआप गेलं. झिंगूभाऊंना मिठीच मारली, ते बिचारे लाजले.

आज झोप लागेल.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

एक वाजता डबा उघडला. नंतरचं —

झिंगूभाऊ म्हणतात, मॅडम, उन्हात कुठी गेल्ती? मी म्हटलं कुठे नाही. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. चपलांना चिखल. ओला, काळा, तलावाचा. डबा तसाच भरलेला. घड्याळात अडीच.

यादी उघडायचं धाडस होत नव्हतं.

एक वाजून वीस मिनिटं. मोनाली. क-४१.

संध्याकाळ

ताबा साहेबांना देऊ केला. नको म्हणाले. झिंगूभाऊंकडे खातंच नाही. काय बोलतेय मी, कुणाला द्यायचा हा? ज्याला देईन तो —

राजीनामा लिहिला. साहेबांनी घेतला. पण धारक असताना सोडता येत नाही. नवा धारक नेमला जाईपर्यंत. प्रस्ताव वर आहे.

डोमाभाऊंनी संमती का दिली ते आता कळतंय. माणूस दमला होता.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

नीलाबाईकडे आलेय. दिवसाढवळ्या, दारातून. आता काय लपवायचं. गाव बघत होतं.

बाजेवर पडलीय. अंग भाजतंय. सोनू कपाळावर पाण्याची पट्टी ठेवते. बावीस वर्षांची, आईसारखीच सरळ बघते.

नीलाबाईने मला ओळखलं. म्हणाली काल तू आल्तीस, बाजेवर बसलीस, बरी हायेस ना म्हणालीस. पाणी देल्लं तं घेतलं नाई. काऊन नाई घेतलं, बाई?

मला काही आठवत नाही. मी आले होते. माझ्या पायांनी आले. तिच्याकडे कुणी येऊ नये म्हणून मी —

पुन्हा विचारते, नाव निघालं का? मी नाही म्हणतेय. रडत नाही म्हणतेय. कुणीही उघडलं नाही, नीलाबाई, कुणीही नाही. तिला बरं वाटलं. डोळे मिटले.

बारा पन्नास

सोनू अंगणात घेऊन गेली. सांगते, घाबरू नका ताई, काम थांबनार नाई. सकाळी मीच ऑफिसात गेल्ती. आईनं सांगितलं थे सगळं मी सांगतलं, तिघाईचे नावं, तारेची जागा. सहारे साहेबानं स्वतः लिहून घेतलं. माहं नाव झाकलं म्हणाले.

नंबर विचारला.

क-४२.

एक वाजून दहा

सोनूला सांगितलं दार आतून लाव. मला आत घेऊ नको. काही झालं तरी, मी हाक मारली तरी. ती हसली. म्हणते तुम्ही दमल्या ताई, बसा, पाणी आणते.

मी रस्त्याला लागले. पळतेय. थांबून लिहितेय. तलावाच्या पलीकडे जायचं, लांब, बसने, वडसा —

एक सतरा

बांधाने चालत होते. तलाव डाव्या हाताला होता. आता उजव्या हाताला आहे. मी वळले नव्हते

एक एकोणीस

तिचं अंगण. दार उघडंच आहे. सोनू, दार लाव. ओरडतेय मी, आवाज — ती तांब्या घेऊन येतेय, हसत, सोनू नको, माझ्याकडे बघू